स्फोट संपल्यानंतरची धावपळ



मागच्या भागात आपण ताऱ्यांच्या मरणाबद्दल बोललो. त्यात ओझरता उल्लेख झाला होता की विश्वातले सगळ्यात प्रखर स्फोट हे गॅमा किरणांचे असतात आणि त्यातले बहुतेक मिनिटा-दोन मिनिटांत आटोपतात. त्यावर बडोद्याच्या एका विद्यार्थिनीने मला फोनवर विचारलं, "काका, स्फोट वीस-तीस सेकंदांत संपतो म्हणता, आणि लगेच पुढे म्हणता की जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळतात. संपलेल्या गोष्टीकडे वळून त्यांना दिसतं काय?"

प्रश्न इतका नेमका आहे की आजचा सगळा भाग त्याच्यावरच खर्च करणार आहे. थोडक्यात उत्तर असं, की स्फोट संपला तरी त्याच्या मागे एक उजेड रेंगाळतो. त्याला खगोलशास्त्रज्ञ आफ्टरग्लो म्हणतात. दिवस मावळल्यावर पश्चिमेला जसा उजेड राहतो तसा हा प्रकार, पण आपला संधिप्रकाश तासाभरात जातो आणि हा उजेड क्ष-किरणांत, साध्या प्रकाशात आणि रेडिओ लहरींत दिवस, आठवडे, कधी कधी वर्षंही मागे काढता येतो. अट एकच. नेमकं कुठे बघायचं ते ठाऊक पाहिजे आणि तिथे लवकर पोहोचलं पाहिजे. या दोन अटी पुऱ्या व्हायला माणसाला तीस वर्षं लागली.

सुरुवात लष्करी आहे, त्यामुळे मला ती सांगायला विशेष आवडते. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला की वातावरणात, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करायच्या नाहीत. करार झाला तरी विश्वास कुणाचा कुणावर? समोरचा चंद्राच्या पलीकडे जाऊन चाचणी उरकेल, अशीही शंका होती. म्हणून अमेरिकेने व्हेला नावाचे उपग्रह जोडीजोडीने एक लाख किलोमीटरहून जास्त उंचीवर पाठवले. अणुस्फोटातून गॅमा किरण निघतात, ते टिपायचे एवढंच त्यांचं काम. २ जुलै १९६७ ला त्यांनी गॅमा किरणांचा एक झोत टिपला, पण तो बॉम्बसारखा नव्हता. बॉम्बचा गॅमा झटका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागात येतो. हा काही सेकंद चालला होता आणि त्याला दोन शिखरं होती. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेतले रे क्लेबसाडेल आणि त्यांचे सहकारी ही नोंद बाजूला ठेवून अशाच आणखी नोंदी शोधत राहिले. १९७३ मध्ये त्यांनी १६ स्फोटांची यादी प्रसिद्ध केली आणि सांगितलं की हे पृथ्वीवरून येत नाहीत आणि सूर्यावरूनही नाहीत.

हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते तोफखान्यातल्या माणसाला लगेच कळतं. शत्रूची तोफ डोंगराआड असते, दिसत नाही, पण तिचा आवाज येतो. आपण ठरावीक, मोजलेल्या जागी मायक्रोफोन मांडून ठेवतो. आवाज एका मायक्रोफोनपाशी आधी पोहोचतो, दुसऱ्यापाशी किंचित नंतर. त्या फरकावरून तोफ कोणत्या रेषेवर असेल ते निघतं, आणि तीन-चार मायक्रोफोन असले की रेषा एकमेकींना छेदतात आणि जागा सापडते. याला आम्ही साउंड रेंजिंग म्हणतो, पहिल्या महायुद्धापासूनची रीत आहे. व्हेलाच्या मंडळींनी हेच केलं, फक्त आवाजाच्या जागी गॅमा किरण आणि मायक्रोफोनच्या जागी उपग्रह. पुढे सूर्यमालेत दूरवर फिरणारी यानंही या कामाला जुंपली गेली. शुक्राकडे गेलेलं यान आणि पृथ्वीजवळचा उपग्रह यांच्यातलं अंतर मोठं, म्हणून वेळेतला फरक मोठा आणि दिशा जास्त नेमकी.

पण या पद्धतीत एक अडचण होती. सगळ्या यानांची माहिती जमिनीवर यायला, ती जुळवायला आणि दिशा काढायला दिवस लागायचे. उजेड तोपर्यंत गेलेला. तोफेची जागा सापडायची, पण तोफ केव्हाच हललेली असायची.

मग १९९१ मध्ये कॉम्प्टन वेधशाळा अवकाशात गेली. तिच्यावरच्या बॅट्सी नावाच्या उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले, म्हणजे जवळजवळ दिवसाला एक. ते आकाशाच्या नकाशावर मांडले तर सगळीकडे सारखे पसरलेले. आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्यात गर्दी नाही, मध्याकडे कल नाही. आता याचा अर्थ काय लावायचा? एक पक्ष म्हणाला, हे स्फोट विश्वात फार फार दूर आहेत. दुसरा म्हणाला, आपल्या आकाशगंगेभोवती जे विशाल वलय आहे त्यात आहेत. १९९५ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला बोहदान पाचिन्स्की आणि डॉन लॅम्ब यांच्यात यावर जाहीर वादसभा झाली. निकाल लागला नाही, लागणं शक्यच नव्हतं. अंतर माहीत नसलेल्या दिव्याबद्दल तुम्ही काय सांगणार? तो जवळचा काजवा असेल किंवा दूरचं दीपगृह. दोन्ही पक्षांच्या अंदाजांत ऊर्जेचा फरक हजारपट किंवा लाखपट नव्हता, अब्जावधी पटींचा होता. एका विज्ञानशाखेत पंचवीस वर्षं हजारो नोंदी जमतात आणि तरी ती गोष्ट गल्लीत आहे की ब्रह्मांडाच्या टोकाला हे सांगता येत नाही, अशी उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत.

कोंडी फुटली २८ फेब्रुवारी १९९७ ला. बेप्पोसॅक्स नावाच्या इटली आणि नेदरलँड्सच्या उपग्रहाने एक स्फोट पकडला. या उपग्रहाची खुबी अशी की त्याच्याजवळ मोठं क्षेत्र बघणारा क्ष-किरण कॅमेराही होता आणि बारकाईने बघणारी उपकरणंही. रोममधल्या नियंत्रण केंद्राने आठ तासांत उपग्रह वळवला आणि त्या जागी क्ष-किरणांचा एक नवा स्रोत सापडला. तीन दिवसांनी पाहिलं तर तो खूप मंदावलेला. म्हणजे हाच आफ्टरग्लो. इकडे ॲमस्टरडॅमच्या यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने कॅनरी बेटांवरच्या ४.२ मीटरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने स्फोटानंतर सुमारे २१ तासांनी त्याच जागेचं छायाचित्र घेतलं. पुन्हा ८ मार्चला घेतलं. दोन्ही छायाचित्रं शेजारी ठेवली. पहिल्यात एक ठिपका आहे, दुसऱ्यात नाही. शोध म्हणाल तर एवढाच. ठिपका होता आणि गेला. पण गॅमा किरण स्फोटाची साध्या प्रकाशातली ही पहिली ओळख होती. या स्फोटाचं नाव जीआरबी ९७०२२८. नावात कसलंही काव्य नाही. वर्ष, महिना, दिवस. सैन्यातल्या सिग्नलसारखं नाव आहे, मला पसंत आहे.

सव्वादोन महिन्यांत पुढचा घाव बसला. जीआरबी ९७०५०८ चा आफ्टरग्लो तेजस्वी असतानाच हवाईच्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. त्या उजेडात वाटेतल्या वायूने शोषलेल्या काळ्या रेषा होत्या आणि त्या तांबड्या बाजूला सरकलेल्या होत्या. त्या सरकण्याला मराठीत ताम्रसृती म्हणतात. ती निघाली ०.८३५. म्हणजे तो प्रकाश सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करून आला होता, आपली पृथ्वी जन्मायच्या आधीच निघालेला. वाद मिटला. स्फोट ब्रह्मांडाच्या दूरच्या टोकाचेच होते. ज्या कॅलटेकच्या गटाने हे काम केलं त्यात श्रीनिवास कुलकर्णी होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा जन्म, हुबळीचं शालेय शिक्षण, आयआयटी दिल्लीची पदवी. २०२४ चा खगोलशास्त्रातला शॉ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्या पुरस्काराच्या कारणांत गॅमा किरण स्फोटांवरचं कामही आहे. हुबळी-धारवाडकडचे श्रोते हे वाचताना जरा ताठ बसतील, बसू देत.

आता घाई का करायची, ते आकड्यांत बघू. आफ्टरग्लो ढोबळमानाने वेळेच्या व्यस्त प्रमाणात मंदावतो. स्फोटानंतर एका मिनिटाला त्याचं तेज जेवढं, त्याच्या साठावा हिस्सा एका तासानंतर उरतो. एका दिवसानंतर १,४४० वा हिस्सा. ताऱ्यांच्या प्रतीच्या भाषेत हा जवळजवळ आठ प्रतींचा फरक आहे. म्हणजे पहिल्या मिनिटात जो हौशी माणसाच्या गच्चीवरच्या दुर्बिणीत दिसला असता, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशी मोठी वेधशाळा लागते. प्रत्येक स्फोट या हिशेबाने तंतोतंत चालत नाही. काही घाईने विझतात, काही मध्येच पुन्हा उजळतात, काही साध्या प्रकाशात दिसतच नाहीत, कारण वाटेत धूळ असते किंवा अंतर फारच असतं. पण वेधशाळेत रात्रपाळीला बसलेल्या माणसाला हा एक हिशेब तोंडपाठ असावा लागतो.

आणि हा उजेड येतो कुठून? दीर्घ स्फोटांचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे. सूर्याच्या कितीतरी पट जड ताऱ्याचा गाभा कोसळतो, मध्ये बहुधा कृष्णविवर तयार होतं, आणि ताऱ्याचं पोट फोडून दोन विरुद्ध दिशांना दोन फवारे निघतात. त्यातल्या द्रव्याचा वेग प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचितच कमी. फवाऱ्याच्या आतल्या आत जी धुमश्चक्री होते त्यातून गॅमा किरण येतात, हा तो स्फोट. मग फवारा ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत घुसतो. तिथे आघाताची लाट तयार होते, इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात आणि प्रकाश टाकतात. हा आफ्टरग्लो. लाट जसजशी दमत जाते तसतसा तिचा प्रकाश खालच्या वारंवारतेकडे सरकतो. आधी क्ष-किरण, मग साधा प्रकाश, मग रेडिओ. म्हणून दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला मिनिटांची घाई असते आणि रेडिओ दुर्बिणीला थोडी सवड मिळते. नारायणगावजवळ खोडदला जी आपली जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, तिने २९ मार्च २००३ च्या स्फोटाचा मंदावणारा रेडिओ उजेड महिनोनमहिने मोजला. याच स्फोटाच्या जागी काही दिवसांनी सुपरनोव्हाची खूण वर्णपटात उमटली, आणि तारा कोसळण्याचा आणि गॅमा किरण स्फोटाचा संबंध पक्का झाला.

फवाऱ्याची गोष्ट कळली तीही आफ्टरग्लोमुळेच. २३ जानेवारी १९९९ चा स्फोट घ्या. लॉस अलामॉसलाच, म्हणजे व्हेलाची नोंद जिथे सापडली तिथेच, रोत्सी नावाची एक यंत्रणा होती. दुर्बीणसुद्धा नव्हे, कॅमेऱ्याच्या चार मोठ्या लेन्स एका वळणाऱ्या मांडणीवर बसवलेल्या आणि मागे संगणक. उपग्रहाचा इशारा आला, माणसाने बोटही न लावता ती वळली, आणि स्फोट सुरू झाल्यापासून २२ सेकंदांत पहिलं छायाचित्र घेतलं. उजेड वाढत नवव्या प्रतीपर्यंत गेला. साध्या द्विनेत्रीतून दिसला असता एवढा. अंतर काढलं, ऊर्जेचा हिशेब केला, तेव्हा पंचाईत झाली. ही ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी गेली असं मानलं तर सूर्याचं अख्खं वस्तुमान ऊर्जेत बदललं तरी पुरत नव्हतं. मार्ग असा निघाला की हा उघडा बल्ब नाही, टॉर्च आहे, आणि झोत नेमका आपल्या डोळ्यांवर आहे. पण याला पुरावा? फवारा मंदावून पसरायला लागला की आफ्टरग्लो सगळ्या रंगांत एकाच वेळी जास्त घाईने विझायला लागतो. तो मोड कधी येतो त्यावरून झोताचा कोन निघतो. या स्फोटात तो मोड दोनेक दिवसांनी दिसला.

त्या दिवसांत मोजमापं करणाऱ्या दुर्बिणींत नैनितालच्या मनोरा शिखरावरची १०४ सेंटिमीटरची दुर्बीणही होती. तेव्हा उत्तराखंड वेगळं झालेलं नव्हतं, तिचं नाव उत्तर प्रदेश राज्य वेधशाळा होतं, आज ती एरीज म्हणून ओळखली जाते. भारतातून आफ्टरग्लोचा पाठपुरावा तिथून सुरू झाला. झोताचा कोन धरून हिशेब केला की ऊर्जा आवाक्यात येते. सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी टाकेल साधारण तेवढी, काही सेकंदांत. आणि दुसरी गोष्ट निघते. झोताचा अर्धा कोन पाच अंशांचा धरला तर अडीचशेच्या वर स्फोटांमागे एखादाच आपल्याकडे तोंड करून असतो. बाकीचे सगळे आपल्याला न दिसता होऊन जातात.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये नासाचा स्विफ्ट उपग्रह गेला आणि खेळाचा वेग बदलला. स्विफ्ट जमिनीवरच्या कुणाची परवानगी घेत नाही. स्फोट दिसला की स्वतः ठरवतो आणि साधारण मिनिटभरात आपल्या क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणी तिकडे वळवतो. पहिली जागा काही कलांच्या आत, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाच्या दहाव्या हिश्शाएवढी. क्ष-किरणांत बघितल्यावर ती आणखी अचूक होते. ही माहिती जीसीएन नावाच्या जाळ्यावरून काही सेकंदांत जगभर जाते. रोबो दुर्बिणी लगेच वळतात, नवं छायाचित्र जुन्याशी ताडतात, नवा ठिपका दिसला की दोन परिच्छेदांचं पत्रक सगळ्यांना पाठवतात, आणि मग मोठ्या दुर्बिणीवाले वर्णपट घेतात. त्या मोठ्या दुर्बिणीवर त्या रात्री दुसऱ्याच कुणाचं काम चालू असतं, बरं का. वर्षभर वाट बघून मिळालेली रात्र आणि मध्येच, "बाजूला व्हा, स्फोट झालाय". त्यासाठी आधीच नियम ठरलेले असतात, तरी बाजूला होणाऱ्याच्या मनाचं काय होत असेल हे ज्याने ऐनवेळी आपलं आरक्षण सोडलंय तो सांगू शकेल.

कधी नशीबही साथ देतं. १९ मार्च २००८ ला स्विफ्टने एक स्फोट पकडला. दुर्बिणी त्या भागाकडे वळल्या. अर्ध्या तासाने त्याच भागात, भूतप तारकासमूहात, दुसरा स्फोट झाला आणि चिलीमधले दोन विस्तृत क्षेत्राचे कॅमेरे आधीपासूनच ती जागा बघत होते. त्यामुळे तो स्फोट होण्याआधी, होताना आणि झाल्यावर, असा सलग टिपला गेला. त्याची प्रत ५.३ पर्यंत चढली. म्हणजे खऱ्या अंधाऱ्या जागी, त्या क्षणी तिकडेच बघत असलेल्या माणसाला तो नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. साडेसात अब्ज वर्षं चालून आलेला उजेड, नुसत्या डोळ्यांनी! अर्धं मिनिट आणि मग गेला.

आता आपल्या घरची एक गोष्ट सांगतो, ती मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते, आणि ती जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

४ जानेवारी २०१७. लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या. आकाशाचा केवढा तरी मोठा पट्टा शोधायचा होता. जगभरच्या दुर्बिणी कामाला लागल्या आणि सुमारे २३ तासांनी हवाईच्या ॲटलस यंत्रणेला त्या पट्ट्यात एक ठिपका सापडला, भराभर विझणारा. खळबळ उडणारच. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश येऊ नये अशी अपेक्षा होती. हा ठिपका खरोखर त्याचाच असेल, तर पुस्तकांतली पानं बदलावी लागणार होती.

आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह सप्टेंबर २०१५ पासून वर होता. त्याच्यावरच्या सीझेडटीआय या उपकरणाची नोंद वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. पहिला निष्कर्ष, गुरुत्वीय लहरींच्या वेळी गॅमा किरण किंवा कठीण क्ष-किरण आलेले नाहीत. दुसरा निष्कर्ष, सुमारे २१ तासांनंतर, ५ जानेवारीला, एक वेगळाच गॅमा किरण स्फोट झालेला आहे. मग त्यांनी विझणाऱ्या ठिपक्याच्या तेजाचा आलेख घेतला आणि तो उलटा मागे नेला, की हा उजेड कोणत्या घटकेला जन्मला असेल. आमच्याकडे तोफा शोधणारं रडार असंच काम करतं. गोळा हवेत असताना त्याचा थोडासा मार्ग पकडायचा आणि गणिताने मागे मागे जात तो कोणत्या नळीतून निघाला ते काढायचं. ठिपक्याचा मार्ग मागे नेल्यावर तो कृष्णविवरांपाशी पोहोचत नव्हता. तो पोहोचत होता त्या दुसऱ्या स्फोटापाशी. ॲटलसने पाहिला तेव्हा तो उजेड जेमतेम दोन तासांचा होता. दोन असंबद्ध घटना आकाशाच्या एकाच भागात, एका दिवसाच्या अंतराने घडल्या होत्या. एक मोठा गैरसमज तिथेच थांबला. शोध लावण्याइतकंच हे काम मोलाचं आहे असं माझं मत आहे, पण वर्तमानपत्रांत 'अमुक नव्हे' अशा बातमीला जागा मिळत नाही.

त्याच वर्षी १७ ऑगस्टला खरी जोडी सापडली. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याच्या लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने छोटा गॅमा किरण स्फोट नोंदवला. अकराएक तासांनी चिलीतल्या दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या दीर्घिकेत तो ठिपका गाठला. सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरीत तयार होतात याचा भक्कम पुरावा त्या उजेडाच्या रंगांतून मिळाला. तिचा रेडिओ उजेड जीएमआरटीनेही मोजला. या घटनेवर स्वतंत्र भाग करायचा आहे, म्हणून इथे थांबतो.

एवढं मात्र सांगतो, की छोटे स्फोट म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर आणि मोठे म्हणजे तारा कोसळणं, ही सोयीची वाटणी फार दिवस टिकली नाही. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट पन्नासेक सेकंदांचा होता. नियमाप्रमाणे मागे सुपरनोव्हा यायला हवा होता. आला तो टकरीनंतर दिसतो तसला तांबूस, झपाट्याने मावळणारा उजेड. हे सिद्ध करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामात नैनितालजवळच्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर दुर्बिणीची निरीक्षणं आहेत.

भारतातल्या दुर्बिणींचं महत्त्व समजायला नकाशा घ्या. हवाईत रात्र संपायला येते तेव्हा कॅनरी बेटांवर ती सुरू व्हायची असते. चिली, कॅनरी, हवाई, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे मोठ्या दुर्बिणी आहेत. मध्ये आशियाचा मोठा पट्टा मोकळा. आपल्याकडे रात्र असताना उत्तर आकाशात स्फोट झाला तर पहिल्या तासांतली नोंद आपणच घ्यायची, नाहीतर ती जगात कुणाकडेच नसते. पहारा बदलताना मधली एक चौकी रिकामी राहिली तर काय होतं, ते मी वेगळं सांगायला नको.

ही चौकी लडाखमध्ये हानले इथे आहे. साडेचार हजार मीटर उंची, कोरडी हवा, अंधार. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहाच्या दुव्यावर चालवली जाते. तिच्या शेजारी २०१८ पासून ग्रोथ-इंडिया ही ०.७ मीटरची छोटी दुर्बीण आहे, भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची. ही पूर्ण रोबो आहे. रात्री काय बघायचं हे स्वतः ठरवते आणि इशारा आला की चालू काम सोडून वळते. त्या उंचीवर हिवाळ्याच्या रात्री माणसाला हातमोजा काढून बटण दाबणंसुद्धा शिक्षा असते. तिथे यंत्राने जागावं आणि माणसाने पवईत किंवा होसकोटेला बसून बघावं, यात मला काही कमीपणा वाटत नाही. हानलेभोवतीचा सुमारे हजार चौरस किलोमीटरचा भाग २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथे पर्यटनाला जाणाऱ्यांनी, आणि माझ्या जुन्या बिरादरीनेही, रात्री गाडीचे दिवे डोंगराकडे रोखू नयेत. दुर्बीण ज्या उजेडाचे ठिपके मोजते त्यापुढे एक हेडलाइट म्हणजे सूर्य.

९ ऑक्टोबर २०२२ च्या स्फोटाबद्दल तुमच्यातल्या अनेकांनी वाचलं असेल. नोंदलेल्या सगळ्या स्फोटांत तो सर्वांत तेजस्वी. अंतर दोनेक अब्ज प्रकाशवर्षं, म्हणजे या धंद्यात शेजारचंच. आपल्या वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, त्याने खळबळ केली. चीनच्या लासो वेधशाळेने त्याचे प्रचंड ऊर्जेचे कण-फोटॉन टिपले. दुसऱ्या टोकाला १४ मार्च २०२५ चा स्फोट आहे. फ्रान्स आणि चीनच्या एसव्हीओएम उपग्रहाने तो पकडला, पाठपुराव्यात ताम्रसृती ७.३ निघाली. विश्व जेमतेम ७३ कोटी वर्षांचं असताना मेलेला तारा. एवढ्या लांबचा एकटा तारा एरवी कोणत्याच दुर्बिणीत दिसत नाही. तो मेला म्हणून दिसला, आणि कुणीतरी लगेच धावलं म्हणून त्याचं अंतर कळलं.

पुढचं चित्र थोडं चिंतेचं आहे. स्विफ्ट वीस वर्षांचा जुना झालाय आणि वातावरणाच्या घर्षणाने त्याची कक्षा खाली येत चालली आहे. इशारा देणाराच गेला तर खालच्या दुर्बिणी कितीही चपळ असल्या तरी वळायच्या कुठे? आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने दक्ष नावाची दोन उपग्रहांची योजना मांडलेली आहे. पृथ्वीच्या दोन बाजूंना एकेक, म्हणजे एकाच्या दृष्टीआड आलेला आकाशाचा भाग दुसऱ्याला दिसणार. ती उडावी अशी माझी फार इच्छा आहे. माझ्या इच्छेने उपग्रह उडत नाहीत, ते असो.

शेवटी त्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न होता, की हौशी माणसाला यात काही करता येतं का. येतं. २५ जुलै २००३ च्या स्फोटाचा आफ्टरग्लो शोधला तो दक्षिण आफ्रिकेतल्या बर्टो मोनार्ड या हौशी निरीक्षकाने, प्रिटोरियाहून, घरच्या ३० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने. जीसीएनची पत्रकं सगळ्यांना खुली आहेत, फुकट आहेत. आपल्या गच्चीवरून सोळाव्या-सतराव्या प्रतीपर्यंत छायाचित्र घेता येत असेल, घड्याळ सेकंदाला बरोबर असेल, आणि रात्री अडीच वाजता फोन वाजल्यावर घरचे रागावणार नसतील, तर तयारीला लागा. पुण्या-मुंबईच्या गच्चीपेक्षा कच्छमधल्या नाहीतर माळव्यातल्या एखाद्या गावची गच्ची या कामाला केव्हाही बरी.